ईसीएचएसच्या कार्डावर काय यावं, काय येऊ नये

माजी सैनिकांच्या वैद्यकीय सेवेत पंचकर्म, निसर्गोपचार, होमिओपॅथी, ॲक्युपंक्चर, हाडवैद्याचा लेप असं सगळं आणावं आणि ईसीएचएस या त्यांच्या अंशदायी आरोग्य योजनेच्या कार्डावर त्याचा खर्च मिळावा, अशी मागणी आपल्या भागात वरचेवर ऐकू येते. पेठ वडगाव आणि आसपासच्या गावांत ती करणारी माणसं माझ्या ओळखीची आहेत, एक-दोन तर नात्यातली. सरसेनापती धनाजी जाधवांची समाधी असलेलं हे गाव. लष्करात गेलेल्या माणसाबद्दल इथं आस्था आहे आणि त्या आस्थेतूनच ही मागणी निघते. तरीही ज्या सरसकट स्वरूपात ती केली जाते, त्या स्वरूपात ती सैनिकाच्या हिताची नाही, असं माझं ठाम मत आहे. ते सविस्तर मांडायला हवं, कारण मागणीमागचं दुखणं शंभर टक्के खरं आहे.

शिपाई म्हणून भरती झालेला मुलगा चाळिशीच्या आसपास पेन्शनवर घरी येतो. तोवर पाठीवर पिट्टू घेऊन डोंगर चढून झालेले असतात, बर्फातल्या चौकीवर रात्री काढून झालेल्या असतात, तोफेशेजारी राहून एखादा कान मंद झालेला असतो. घरी आल्यावरही तो आरामात बसत नाही. शिरोलीच्या नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत, बँकेच्या दारात, साखर कारखान्याच्या गेटवर बारा-बारा तासांची ड्युटी करतो, तीही उभ्यानं. आमच्या गल्लीतले एक निवृत्त हवालदार खुर्चीतून कसे उठतात ते मी रोज बघतो. आधी पुढं सरकून खुर्चीच्या कडेला येतात, डावा तळवा मांडीवर रोवतात, उजव्या हातानं भिंत धरतात, श्वास रोखतात आणि मग एका झटक्यात उठतात. उठल्यावर लगेच चालत नाहीत. गुडघा भार घेतोय का याचा अंदाज घेत तिथंच थांबतात, मग पहिलं पाऊल टाकतात. वय अजून पन्नास नाही. याच कमरेवर आणि याच गुडघ्यांवर त्यांना पुढची पंचवीस-तीस वर्षं काढायची आहेत.

अशा माणसाला मिळतं काय? पल्टनीत असताना एमआय रूममधली, म्हणजे तिथल्या दवाखान्यातली दुखण्याची गोळी, पेन्शनवर आल्यावर ईसीएचएसच्या पॉलीक्लिनिकमधली दुखण्याची गोळी. १ एप्रिल २००३ रोजी सुरू झालेल्या ईसीएचएसचं मोल मी कमी करत नाही. हृदयाची शस्त्रक्रिया, कर्करोग, डायलिसिस अशा प्रसंगी या योजनेनं असंख्य घरं कर्जात बुडता-बुडता वाचवली. पण कंबर, मान, गुडघा, झोप ही रोजची दुखणी गर्दीच्या दवाखान्यात ऐकून घ्यायला कुणाला वेळ नसतो. वडगावच्या माणसानं कोल्हापूर गाठायचं, नंबर लावायचा, रेफरल घ्यायचा, यातच दिवस सरतो. मग मेडिकलमधून स्वतःच गोळ्या आणणं सुरू होतं. महिनोन्‌महिने डायक्लोफिनॅक खाल्लं की जठराला आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते, हे डॉक्टर सांगतात, पण गोळी सोडून दुसरं काय करायचं हे सांगायला कुणी बसत नाही. त्या वेळी कुणी तासभर अंगाला हात लावला, विचारपूस केली, कमरेवर उडदाच्या पिठाचं आळं करून त्यात कोमट तेल सोडलं, म्हणजे कटिबस्ती केली, तर माणसाला बरं वाटणारच. इथपर्यंत माझा वाद नाही.

वाद सुरू होतो तो पुढच्या युक्तिवादांशी. त्यात अमेरिकेचा दाखला हमखास येतो. तिथल्या सरकारनं माजी सैनिकांना योग आणि ॲक्युपंक्चर दिलं, मग आपण आपल्या घरची विद्या का नाकारायची, असं विचारतात. तिथं नेमकं काय झालं ते बघू. इराक-अफगाणिस्तानातून परतलेल्या सैनिकांना अफूच्या जातीची वेदनाशामकं सढळ हातानं लिहून दिली गेली आणि त्यातून व्यसन आणि अतिसेवनाचे मृत्यू वाढले. त्यावर उपाय शोधताना २०१६ च्या व्यसनमुक्ती कायद्यात माजी सैनिकांसाठी पूरक उपचार वाढवायची तरतूद झाली. २०१७ मध्ये माजी सैनिकांच्या आरोग्य खात्यानं त्या उपचारांची यादी काढली: ॲक्युपंक्चर, मसाज, योग, ताई ची, ध्यान, बायोफीडबॅक, संमोहन आणि शांत पडून मनात दृश्य उभं करण्याचा सराव. कायरोप्रॅक्टिक, म्हणजे मणक्याला हातानं दिलेले उपचार, तिथं त्याआधीच आले होते. या यादीत होमिओपॅथी नाही. काढा, चूर्ण, आसव, भस्म, काहीही नाही. पोटात जाणारी एकही वस्तू तिच्यात नाही. जे आहे ते शरीर हलवणं, स्पर्श, सुई, श्वास आणि मन स्थिर करणं, आणि तेही रुग्णाच्या नेहमीच्या उपचारांना जोडून. म्हणजे अमेरिकेचं नाव घेऊन आपल्याकडं जे मागितलं जातं त्यातलं बरंचसं अमेरिकेनं आपल्या यादीत घेतलेलंच नाही.

आणि यादीत जे घेतलं ते तपासायची तिथं रीत आहे. सॅन दिएगोच्या माजी सैनिक रुग्णालयात जुनाट कंबरदुखीच्या १५० जणांवर योगाचा अभ्यास झाला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला लगेच योग शिकवला, दुसऱ्याला थांबायला लावलं, नेहमीचे उपचार दोघांचेही चालू ठेवले. बारा आठवड्यांनंतर कंबरेमुळं कामात येणाऱ्या अडचणींत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. सहा महिन्यांनंतर मात्र योग करणाऱ्यांची स्थिती स्पष्टपणे चांगली होती. हा निकाल आपल्याला फार उपयोगाचा आहे. योगानं कंबर सुधारते, म्हणून तो कार्डावर यायलाच हवा, हे त्यातून दिसतं. सात दिवसांचं शिबिर भरवून, सतरंज्या गुंडाळून निघून गेल्यानं काही साधत नाही, हेही त्यातूनच दिसतं. हा उपचार शिक्षक, जागा आणि महिनोन्‌महिने सातत्य मागतो. आपल्याकडं मागणी शिबिराची होते, बारमाही शिक्षकाची होत नाही.

दुसरा दाखला आपल्याच संरक्षण खात्याचा. १ मे २०२२ पासून देशातल्या ३७ कँटोन्मेंट रुग्णालयांत आयुर्वेद केंद्रं सुरू करायचा निर्णय झाला. त्यांत खडकी, देहूरोड, कामठी आहेत आणि मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावही आहे. लष्करानंच मान्यता दिली, आता शंका कसली, असं यावर म्हणतात. पण दवाखाना उघडणं हा प्रशासनाचा निर्णय असतो. किती जणांना, कशासाठी, किती दिवस गुण आला याचा हिशेब त्या निर्णयातून आपोआप निघत नाही, तो वेगळा ठेवावा लागतो. शिवाय वडगावपासून बेळगाव शंभराहून जास्त किलोमीटर. गुडघे धरलेल्या माणसानं कटिबस्तीसाठी सलग काही दिवस एसटीनं बेळगाव गाठायचं, ही सोय कुणाची?

आता सर्वांत जिव्हाळ्याचा मुद्दा: आम्हाला गुण आला, तुम्ही कोण सांगणार? गुण आला असं सांगणाऱ्या माणसाला मी खोटं ठरवत नाही. पण कंबर भरते आणि सुटते, हा तिचा स्वभावच आहे. अचानक उद्भवलेली कंबरदुखी बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप कमी होते. माणूस उपचाराला जातो तो दुखणं अगदी असह्य झालं की, आणि त्यानंतर ते उतरणीला लागतंच. त्या आठवड्यात ज्याचा हात लागला त्याच्या नावावर यश जमा होतं. हे ॲलोपॅथीच्या गोळीलाही तितकंच लागू आहे. म्हणून तर दोन गट करून तुलना करावी लागते.

आणि ज्याला गुण येत नाही त्याचं काय होतं? आमच्या नात्यातल्या एका निवृत्त नाईकांची कंबर भरली, मग कळ मांडीतून पोटरीत उतरली. एका ठिकाणी तेलाचे उपचार सुरू झाले. पायाचा अंगठा वर उचलता येईना, चप्पल पायातून निसटायला लागली, चालताना पाऊल फरशीवर आपटल्याचा आवाज यायला लागला. नसा मोकळ्या होतायत, थोडा दम धरा, असं त्यांना सांगण्यात आलं. पाऊल असं लोंबकळतं तेव्हा मणक्यातली चकती सरकून नस दाबली गेलेली असू शकते. त्यातच लघवी अडली किंवा जांघेत बधिरपणा आला तर तासांचा प्रश्न असतो. हे ओळखणारा माणूस तिथं नव्हता. शस्त्रक्रिया झाली ती फार उशिरा. आज ते पायाला प्लॅस्टिकचा आधार बांधून चालतात. तेलानं त्यांचं नुकसान केलं नाही, गेलेल्या वेळेनं केलं. म्हणून माझा आग्रह आहे की कमरेला हात लावणाऱ्या प्रत्येकाला धोक्याची ही लक्षणं ओळखता आलीच पाहिजेत आणि त्याच्या खोलीतून थेट रेफरल निघालं पाहिजे. सरसकट मान्यतेच्या मागणीत याचा उल्लेखही नसतो.

तालमीचं नाव काढून मला गप्प करायचा प्रयत्न होतो. कोल्हापूरच्या माणसानं मालिशीला नावं ठेवावीत का? मी ठेवत नाही. मोतीबाग, गंगावेस अशा तालमींत पिढ्यान्‌पिढ्या पैलवानांची अंगं रगडली गेली, लचक काढली गेली. चांगल्या वस्तादाच्या बोटांना स्नायू कुठं आखडलाय हे कळतं. ते ज्ञान खरं आहे आणि फिजिओथेरपी शिकणाऱ्या मुलांनी तिथं जाऊन ते बघावं असंही मला वाटतं. पण मोडलेल्या हाडाचं तसं नाही. कामट्या लावून करकचून बांधलेला हात आतून सुजतो, रक्त अडतं, बोटं काळी पडतात आणि कोपराखालचा हात कायमचा वाकडा होतो किंवा कापावा लागतो. अस्थिरोगाच्या डॉक्टरांना हा प्रकार चांगला माहीत आहे. आखडलेल्या स्नायूला मालीश आणि मोडलेल्या हाडाला एक्स-रे, एवढा फरक केला तर परंपरेचा काही अपमान होत नाही.

या उपचारांना साइड इफेक्ट नाहीत, हा दावा मात्र मी कुठल्याही आडपडद्याशिवाय चुकीचा म्हणेन. २००८ साली अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या आयुर्वेदिक औषधांपैकी सुमारे एक पंचमांशांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आधीच रक्तदाबाच्या, साखरेच्या आणि दुखण्याच्या गोळ्या घेणाऱ्या पन्नाशीतल्या माणसाच्या पोटात ज्याचा घटक आणि मात्रा नक्की माहीत नाही असं चूर्ण घालणं धोक्याचं आहे. त्यावर सरकारी कार्डाचा शिक्का बसला तर धोका दुप्पट होईल. होमिओपॅथीबद्दल तर ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वैद्यक संशोधन परिषदेनं १७६ अभ्यास पाहून २०१५ मध्ये सांगितलं की कुठल्याही आजारावर ती परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा नाही. आपण २०२० मध्ये कोरोनापासून बचाव म्हणून गावोगावी आर्सेनिक अल्बम ३० या होमिओपॅथिक औषधाच्या बाटल्या वाटल्या. दुसऱ्या लाटेत कोल्हापूर जिल्हा राज्यातल्या सर्वाधिक बाधित जिल्ह्यांत होता. त्या बाटल्यांवर खर्चलेला पैसा आणि त्यांनी दिलेला खोटा दिलासा, दोन्ही मला विसरता येत नाहीत.

मनाच्या दुखण्याकडं येताना जपून बोलायला हवं. सुतळी बॉम्बच्या आवाजानं दचकून घामाघूम होणारा, रात्री दोनला उठून अंगणात फेऱ्या मारणारा, कँटीनच्या रमशिवाय झोप न येणारा माणूस आपल्या ओळखीत असतो. त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडं ने म्हटलं की घरचे लाजतात, तो स्वतः चिडतो. प्राणायामाला ने म्हटलं की सगळे तयार होतात. या कारणासाठी ध्यान-योगाचा दरवाजा उघडा ठेवावा हे मला पटतं. त्याला पुरावाही आहे: २०१८ मध्ये लॅन्सेटच्या मानसोपचार नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या २०३ माजी सैनिकांच्या अभ्यासात ध्यानाचा एक प्रकार तीन महिन्यांत प्रचलित मानसोपचाराच्या तोडीचा ठरला. पण त्या अभ्यासात प्रशिक्षित शिक्षक होते आणि प्रत्येकाची आधी नीट तपासणी झाली होती. आपल्याकडं पन्नास माणसं हॉलमध्ये आडवी करून दिवे मालवतात आणि डोळे मिटा म्हणतात. ज्यानं सोबत्याला डोळ्यांदेखत गमावलंय त्याच्या मिटल्या डोळ्यांपुढं त्या अंधारात काय येईल, याचा विचार त्या हॉलमध्ये कुणी केलेला असतो का? अशा माणसाला शवासनात डोळे उघडे ठेवायची, दाराजवळ बसायची मुभा हवी आणि तो अस्वस्थ होऊन बाहेर पडला तर त्याच्याशी बोलायला कुणीतरी हवं. २०२३ च्या डिसेंबरमध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सैन्यदलांसाठी टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा स्वतंत्र कक्ष सुरू झाला. १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक योगवर्गाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला असला पाहिजे. प्राणायाम हा तिथवर पोचायचा रस्ता ठरला तर मी त्याच्या बाजूनं उभा आहे. तज्ज्ञ नेमायचा खर्च वाचवायला तो वापरला जाणार असेल तर मात्र विरोधात.

आपल्याकडं या बाबतीत दाखवण्यासारखं काही नाही असं मुळीच नाही. महामार्गानं तासाभराच्या आत वाळवा तालुक्यातलं पेठ आहे. तिथले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. रुग्णालयात उपचाराचा भाग म्हणून ते पोहायला लागले आणि १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये त्यांनी भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्णपदक मिळवलं. पाण्यात उतरवणं हाही औषधाच्या गोळीपलीकडचाच उपचार होता. शल्यचिकित्सकाचं काम झाल्यावर, रुग्णालयातच तो दिला गेला. १९४४ पासून पुण्यात असलेलं कृत्रिम अवयव केंद्र आणि १९७४ चं खडकीचं पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र याच मार्गानं चालतात: शरीराकडून काम करवून घ्यायचं, माणसाला खेळात आणि कामात परत आणायचं. योगाचीही आपली परंपरा अशीच तपासून घेणारी आहे. १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम काढणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी उड्डियान आणि नौली करताना पोटात काय घडतं हे क्ष-किरण आणि दाबमापक लावून पाहिलं. शंभर वर्षांपूर्वी मराठी माणसानं पुरावा मागितला, तो आज मागितला की तुम्ही परंपरेचे शत्रू, हे मला मान्य नाही.

शेवटी एक युक्तिवाद उरतो: सैनिकानं पैसे भरलेत, निवड त्याची. खरं आहे, योजना अंशदायी आहे. २०१७ च्या दरानं हवालदारापर्यंतच्या सैनिकाची वर्गणी ३० हजार रुपये. पण निधी सामाईक आहे. तो अपुरा पडून रुग्णालयांची बिलं थकली की कॅशलेस सेवा अडते, आणि झळ बसते ती डायलिसिसवर असलेल्या सुभेदारसाहेबांना. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सैनिक हा आदेश मानायला शिकलेला माणूस आहे. सरकारी यादीत नाव आलेला उपचार त्याच्यासाठी नुसता पर्याय राहत नाही, सरकारनं तपासून दिलेला शब्द ठरतो. त्याच्या या विश्वासाला साजेल एवढीच यादी करायचा अधिकार आपल्याला आहे.

म्हणून मागायचं तर हे मागा. वडगावात आठवडी बाजाराच्या दिवशी, जेव्हा आसपासच्या खेड्यांतले माजी सैनिक तसेही येतात, ईसीएचएसचा फिजिओथेरपिस्ट बसवा. त्याच्यासोबत प्रशिक्षित योगशिक्षक द्या, बारा महिने. मालीश करणाऱ्या हातांना धोक्याची लक्षणं शिकवून कामावर घ्या. वीरपत्नींना आणि सैनिकांच्या घरच्या बायकांना त्याच जागी वेगळी वेळ द्या, कारण कार्ड त्यांचंही आहे आणि ऊसतोडीपासून धारेपर्यंतच्या कष्टानं त्यांचीही कंबर गेलेली आहे. पंचकर्माला हवी तर वर्षभराची तुलनात्मक चाचणी द्या, बेळगाव किंवा खडकीच्या केंद्रात, अस्थिरोगतज्ज्ञ शेजारच्या खोलीत बसवून. प्रत्येकाची नोंद ठेवा: पहिल्या दिवशी खुर्चीतून आधाराशिवाय किती वेळा उठता आलं, सहा महिन्यांनी किती वेळा, आठवड्याला दुखण्याच्या गोळ्या किती लागायच्या आणि आता किती लागतात. ते आकडे माजी सैनिकांच्या बैठकीत उघड वाचून दाखवा आणि ज्या उपचाराचा उपयोग दिसला नसेल तो यादीतून काढा, मग तो आयुर्वेदाचा असो की ॲलोपॅथीचा.